कणीक वाळली की आवाज चढतो

भजनाला बसण्याआधी आबा आजीकडं कणीक मागायचे. लिंबाएवढा गोळा. पखवाजाच्या डाव्या तोंडाला, म्हणजे धुमाला, पाण्याचा हात लावून तो गोळा थापायचा, अंगठ्यानं कडा पसरायच्या आणि एक थाप मारून कान द्यायचा. आवाज पातळ वाटला तर आणखी चिमूटभर कणीक लागायची. फारच खाली बसला तर नखानं थोडी खरवडून काढायची. मग पेटीवाल्याला सांगायचं, "धर रं सूर." पेटीच्या सुराशी जुळलं की भजन सुरू.

तासाभरानं एखादा अभंग संपला की आबा धुमावरून ओलं बोट फिरवायचे. मी एकदा विचारलं, "आबा, आता काय झालं?"

"कणीक वाळली. वाळली की हलकी हुती, मग आवाज चढतो," आबा म्हणाले. "उन्हाळ्यात बिगीबिगी वाळती. पावसाळ्यात दोन भजनं झाली तरी हात लावायला नको."

ही गोष्ट औंधची. पुण्यातलं औंध नव्हे, सातारा जिल्ह्यातलं, यमाईच्या डोंगराखालचं, पंतप्रतिनिधींच्या जुन्या संस्थानाचं औंध. पंडित अंतुबुवा जोशींनी आपल्या गुरूंच्या, शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ १९४० साली सुरू केलेला संगीत महोत्सव आजही इथं होतो. त्यामुळं या गावात सूर लावण्यावर बोलणारी माणसं कमी नाहीत. पण आबांच्या त्या एका वाक्यात विसाव्या शतकातल्या एका यंत्राचं सगळं तत्त्व आहे, हे मला कळायला पंधरा वर्षं आणि एक फसलेला प्रयोग लागला.

मामाचं नाक

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी प्रकल्प घेतला होता. काचेसारखी दिसणारी, नाण्याएवढी गोल चकती. दोन्ही बाजूंना सोन्याचा पातळ मुलामा. जाडी साधारण एक तृतीयांश मिलिमीटर. तिला वीज जोडली की ती सेकंदाला ५० लाख वेळा थरथरते. या चकतीवर एका पॉलिमरचा थर देऊन हवेतला अमोनिया ओळखायचा, असा माझा विषय होता.

विषय मी उगाच निवडला नव्हता. माझा मामा तासगावकडं बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला आहे. अशा अनेक शीतगृहांत थंडाव्यासाठी अमोनिया वापरतात. गळती झाली की आधी नाकाला झिणझिण्या येतात, मग डोळ्यांतून पाणी. मामाला पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं होतं की वास आला की पळायचं. पण रोज थोडाथोडा वास येत असला तर नाकाला सवय होते आणि ते गप्प बसतं. मामासाठी स्वस्तातलं, न थकणारं नाक बनवायचं, असं माझ्या डोक्यात होतं.

ते नाक ज्या वस्तूचं बनणार होतं, ती तुम्ही हा लेख वाचताय त्या फोनमध्येही बहुतेक आहे. मनगटावरच्या साध्या घड्याळात तर नक्कीच. ती म्हणजे क्वार्ट्झ. मराठीत स्फटिक. आणि आमच्याकडच्या पोरांच्या भाषेत गारगोटी.

गारगोटी आणि काच

औंधच्या आसपासच्या काळ्या खडकात पांढऱ्या गारगोट्या सापडतात. अंधारात दोन गारगोट्या एकमेकींवर घासल्या की आत क्षणभर पिवळसर उजेड दिसतो. लाइट गेल्यावर आम्ही हाच खेळ खेळायचो.

गारगोटीचं रसायन साधं आहे. सिलिकॉनचा एक आणि ऑक्सिजनचे दोन अणू, म्हणजे सिलिका. वाळूतही मुख्यतः हेच असतं आणि काचेचाही मुख्य घटक हाच. औंध संस्थानाच्याच हद्दीत, कराडजवळ, ओगले बंधूंनी १९१६ साली काच कारखाना काढला. 'प्रभाकर' कंदील तिथला. कारखान्यामुळं गावाचं नाव ओगलेवाडी पडलं. आमच्या माळ्यावर अजून एक प्रभाकर कंदील आहे. त्याची काच आणि डोंगरावरची गारगोटी यांच्यात मूळ माल बऱ्याच अंशी एकच. फरक रचनेचा. स्फटिकात अणू कवायतीच्या रांगांसारखे ठरलेल्या जागी उभे असतात, तर काचेत ते जत्रेतल्या गर्दीसारखे.

हा फरक किती मोठा आहे, ते १८८० साली पॅरिसमध्ये जाक आणि प्येर क्युरी या भावांनी दाखवलं. एक २४ वर्षांचा, दुसरा २१ वर्षांचा. क्वार्ट्झ, टुरमलीन असे काही स्फटिक ठरावीक दिशेनं दाबले की त्यांच्या पृष्ठभागांवर विद्युतभार येतो, हे त्यांनी मोजून दाखवलं. याला पीझोइलेक्ट्रिसिटी म्हणतात, मराठीत दाबविद्युत. दाबल्यावर रांगांमधले धन आणि ऋण भार किंचित सरकतात. क्वार्ट्झच्या रचनेतली असमानता अशी की हे सरकणं एकमेकांना रद्द करत नाही. काचेत रांगाच नसल्यामुळं सगळं सरकणं एकमेकांत जिरून जातं. प्रभाकर कंदिलाची काच कितीही दाबा, फुटेल, पण वीज देणार नाही.

पुढच्याच वर्षी गाब्रिएल लिपमान यांनी गणितानं सांगितलं की उलटही व्हायला हवं. वीज दिली तर स्फटिकानं आकार बदलायला हवा. क्युरी बंधूंनी तेही तपासून खरं ठरवलं.

या शोधाचा एक उपयोग तर घरातच झाला. प्येरची पत्नी मारी क्युरी हिनं १८९८ च्या सुमारास युरेनियमच्या किरणांमुळं हवेत वाहणारा अतिसूक्ष्म प्रवाह मोजला, तो क्वार्ट्झच्या पट्टीला वजनं टांगून. पट्टी ताणली की तिच्यावर भार येतो, तो किरणांच्या भाराशी तोलायचा. म्हणजे क्वार्ट्झ आणि तराजू यांची गाठ तेव्हाच पडली होती.

घड्याळवाल्यांचा शत्रू

पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधायला पोल लांजव्हाँ यांनी क्वार्ट्झच्या कंपनांतून पाण्यात ध्वनी सोडला. त्याच वाटेवर अमेरिकेतल्या वॉल्टर केडी यांना दिसलं की क्वार्ट्झच्या तुकड्याला स्वतःची एक पक्की वारंवारिता असते. त्या वारंवारितेची वीज दिली की तो जोरात कंप पावतो, जरा इकडंतिकडं झालं की गप्प. १९२१ साली त्यांनी क्वार्ट्झच्या आधारानं सूर धरून ठेवणारं विद्युत मंडल बनवलं. तंबोरा छेडत राहावा लागतो. हा स्फटिक विजेवर स्वतःच वाजत राहतो आणि सूर सोडत नाही. १९२७ साली बेल लॅब्जमध्ये वॉरन मॅरिसन आणि सहकाऱ्यांनी त्यावर घड्याळ चालवलं. मनगटावर बांधायचं पहिलं क्वार्ट्झ घड्याळ जपानच्या सेइकोनं १९६९ च्या डिसेंबरात विकायला काढलं.

या इतिहासात घड्याळ आणि रेडिओ बनवणाऱ्यांचा एक शत्रू सतत दिसतो. मळ. स्फटिकावर काहीही चिकटलं की सूर खाली येतो. बोटाचा तेलकट ठसा, धूळ, हवेतला दमटपणा, काहीही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं लष्करी रेडिओंसाठी कोट्यवधी स्फटिक बनवले, बरेचसे ब्राझीलमधून आणलेल्या क्वार्ट्झपासून. घासून हव्या त्या जाडीला आणलेले हे स्फटिक काही आठवड्यांत आपोआप सूर बदलायला लागले. घासल्यामुळं वरचा थर खिळखिळा झालेला असायचा आणि दमट हवेत त्याचे कण सुटायचे. शेवटचं घासणं सोडून पृष्ठभाग रसायनानं कोरून काढायला लागल्यावर हा त्रास आटोक्यात आला. तोवर रेडिओवाल्यांनी एक जुगाडही शोधला होता. सूर जरा खाली आणायचा असेल तर स्फटिकावर शिसपेन्सिलीनं रेघोट्या मारायच्या आणि वर न्यायचा असेल तर त्या खोडरबरानं पुसायच्या.

हे वाचलं तेव्हा मला आबांचं नख आठवलं. कणीक लावायची, कणीक खरवडायची. रेडिओवाले तेच करत होते.

तोलण्याऐवजी मोजणं

सूर बदलतो हे सगळ्यांना माहीत होतं. तो नेमका किती बदलला की किती वजन चिकटलं, हे सूत्रात मांडलं ग्युंटर झाउअरब्रे या जर्मन भौतिकशास्त्रज्ञानं, १९५९ साली. त्याच्या निबंधाचा विषयच होता, कंप पावणाऱ्या क्वार्ट्झनं पातळ थर तोलणं.

त्याचा युक्तिवाद समजायला कठीण नाही. जाड चकतीचा सूर खालचा, पातळ चकतीचा वरचा. समजा चकतीवर एखादा अतिशय पातळ, कडक थर घट्ट बसला. मग तो थर म्हणजे क्वार्ट्झचीच जाडी थोडी वाढली असं धरायला हरकत नाही. जाडी वाढली, सूर उतरला. वारंवारितेतली घट चिकटलेल्या वस्तुमानाच्या प्रमाणात.

चकती थरथरते कशी, तेही इथं महत्त्वाचं आहे. ती तबल्याच्या पुडीसारखी वरखाली होत नाही. दोन तळव्यांत एखादं पुस्तक धरून वरचा पुठ्ठा पुढं आणि खालचा मागं सरकवा, तशी ती सरकते. यासाठी स्फटिक त्याच्या अक्षाशी सुमारे ३५ अंशांच्या कोनात कापतात. हा कोन नेमका साधला की खोलीच्या तापमानाजवळ थंडी-उष्णतेनं सूर फारसा हलत नाही. नाहीतर वजन वाढलं की ऊन वाढलं, हे कळलंच नसतं.

आता आकडे. सेकंदाला ५० लाख कंपनांच्या चकतीचा सूर १ हर्ट्झनं उतरला, म्हणजे ५० लाखांतलं एक कंपन कमी झालं, तर दर चौरस सेंटिमीटरवर १७.७ नॅनोग्रॅम वजन वाढलेलं असतं. सोनाराची गुंज साधारण १२० मिलिग्रॅम. त्या गुंजेचे ७० लाख भाग करा, त्यातला एक भाग म्हणजे हे वजन. चकतीवर पाण्याच्या रेणूंचा एकच थर, एका रेणूच्या जाडीचा, बसला तरी सूर पावणेदोन हर्ट्झच्या आसपास उतरतो.

हे जमतं, कारण आपण इथं वजन तोलतच नाही. आपण कंपनं मोजतो. कुठलाही काटा इतका बारीक बनवणं अवघड, पण आकडे मोजणं इलेक्ट्रॉनिक्सला सोपं जातं. आज धातूचे अतिपातळ थर चढवणाऱ्या निर्वात यंत्रांत असा स्फटिक बसवलेला असतो. थर किती चढला, ते तो चढता चढताच सांगतो.

लेप म्हणजे प्रश्न

पण तराजूला वास येत नाही. चकतीवर काय बसलं, हे तिला कळत नाही, फक्त किती बसलं तेवढं कळतं. हा अडसर १९६४ साली अमेरिकेतल्या एस्सोच्या विल्यम किंग यांनी ओलांडला. त्यांची कल्पना सरळ होती. चकतीवर आधीच असा लेप द्यायचा, की तो हवेतली आपल्याला हवी ती वस्तू शोषून घेईल. पाणी ओढणारा लेप दिला तर ती आर्द्रता सांगेल. तेलकट लेप दिला तर पेट्रोलसारख्या पदार्थांची वाफ सांगेल. घड्याळवाले जो मळ टाळत होते, तो किंग यांनी मुद्दाम चोपडला.

त्यानंतर लेपांचा शोध सुरू झाला. सल्फर डायऑक्साइड आम्लधर्मी, म्हणून त्याच्यासाठी अमाइन गटातले अल्कधर्मी लेप. हायड्रोजनसाठी पॅलेडियम, कारण तो धातू हायड्रोजन आत जिरवून घेतो. पाऱ्याच्या वाफेसाठी तर वेगळा लेपच नको, चकतीवरचं सोनंच पुरतं. सोनं पारा खातं, हे आमच्या शेजारच्या आटपाडी-विट्याच्या गलाईवाल्यांना सांगावं लागत नाही.

मेख अशी की लेपानं वस्तू घट्ट धरली तर तो नेमका असतो, पण एकदा भरला की संपला, दुसऱ्या दिवशी कोरा होत नाही. सैल धरली तर हवा स्वच्छ झाल्यावर सूर परत मूळ जागी येतो, पण मग तो सैल हात दुसऱ्या कुणालाही धरतो. गेली साठ वर्षं या विषयात बहुतेक भांडण याच एका गोष्टीशी चाललं आहे.

लेप फार जाड किंवा मऊ असला तर झाउअरब्रेचं सूत्रही डळमळतं. मऊ थर चकतीबरोबर पूर्ण सरकत नाही, मागं रेंगाळतो आणि कंपनं खातो. पाण्यात बुडवलेल्या चकतीचंही तसंच. १९८५ साली कानाझावा आणि गॉर्डन यांनी द्रवासाठी वेगळं गणित मांडलं. त्यात द्रवाची घनता आणि चिकटपणा दोन्ही येतात. मग रक्तातली प्रथिनं, जंतू, प्रतिपिंडं अशा ओल्या गोष्टींकडं हे तंत्र वळलं.

चाळीस हर्ट्झ

आता माझा प्रयोग. चकतीवर पॉलिमरच्या द्रावणाचा थेंब टाकून ती गरगर फिरवली, म्हणजे लेप सगळीकडं सारखा पसरतो. वाळवली. बंद डबीत ठेवली. कोरडा नायट्रोजन सोडला, सूर स्थिर. मग तोच नायट्रोजन अमोनियाच्या पातळ द्रावणातून बुडबुडे काढत आणला. पडद्यावरची रेघ उतरायला लागली. दहा, वीस, पस्तीस. चाळीस हर्ट्झवर थांबली. पुन्हा कोरडा वायू दिला, रेघ मूळ जागी. तीनदा केलं, तीनदा चाळीस.

त्या रात्री मी मामाला फोन केला. "मामा, जमतंय." एका परिषदेसाठी गोषवाराही लिहून टाकला.

सरांनी आलेख पाहिला आणि एकच विचारलं, "अमोनिया काढून टाक आणि नुसत्या पाण्यातून वायू आण. काय येतं?"

नुसत्या पाण्यातून छत्तीस आलं.

बुडबुड्यांबरोबर अमोनियापेक्षा पाण्याची वाफ कितीतरी जास्त येत होती आणि माझा लेप तीच पीत होता. तापमानाचा घोळ असेल म्हणून शेजारी बिनलेपाची चकती ठेवून पाहिली, ती जवळजवळ हललीच नाही. मशीन बरोबर होतं. झाउअरब्रे बरोबर होता. चकतीनं मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. प्रश्नच मी पाण्याचा विचारला होता.

आणि कोल्ड स्टोरेजचं दार दिवसातून कितीदा उघडतं. दर वेळी बाहेरची दमट हवा आत शिरते. माझं नाक तिथं बसवलं असतं तर ते रोज ओरडलं असतं. आठवड्याभरात कुणीतरी त्याची वायर काढून ठेवली असती. आणि खरी गळती झाली तेव्हा ते भिंतीवर गप्प लटकत राहिलं असतं. न चालणाऱ्या यंत्रापेक्षा हे वाईट. माणूस त्याच्या भरवशावर नाकाचंही ऐकायचं सोडतो.

गोषवारा मी मागं घेतला.

पेटीचा सूर

आश्विनात घरी गेलो. रात्री दव पडत होतं. आबांचे हात आता थरथरतात, पखवाज मंडळातलाच एक मुलगा वाजवतो. पण कणीक अजून तेच लावतात. मी त्यांना सगळं सांगितलं. वायू, पाणी, चाळीस आणि छत्तीस.

कणीक थापत आबा म्हणाले, "मग पेटी कुठं होती तुझी?"

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. धुमाचा आवाज चढला, हे आबांना नुसतं धुमाकडं ऐकून कळायचं नाही. पेटी शेजारी असायची. पेटीला कणीक नाही, ती वाळत नाही. दोघींतला फरक तेवढा कणकेचा.

शास्त्रातही वाट हीच निघाली आहे. एक लेपाची चकती, शेजारी एक बिनलेपाची. तापमान आणि दाब दोघींना सारखेच लागतात, ते वजा होतात. पण लेप स्वतः पाणी पीत असेल तर एवढ्यानं भागत नाही. मग वायू आधी कोरडा करायचा, किंवा वेगवेगळ्या लेपांच्या चार-सहा चकत्या एकत्र ठेवायच्या. कुणी पाण्याला जास्त भुलतो, कुणी अमोनियाला. एकटी कुणीच खरं सांगत नाही, पण सगळ्यांचे आकडे शेजारी मांडले की प्रत्येक वायूचा वेगळा नमुना दिसतो. इलेक्ट्रॉनिक नाक म्हणतात ते हेच.

सी. व्ही. रामन यांनी १९२० साली 'नेचर'मध्ये मृदंगाबद्दल लिहिलं होतं. कातड्याच्या मधोमध बसवलेल्या शाईच्या वजनामुळं त्या वाद्याचे स्वर सुरेल नात्यात येतात, हे त्यांनी दाखवलं. शाईचा लेप कायमचा, एकदा बसवला की कारागिराचं काम संपलं. डाव्या तोंडाची कणीक मात्र रोजची, ओली, हवेबरोबर बदलणारी. मला त्या रात्री वाटलं, पखवाजाच्या एका तोंडाला घड्याळवाल्यांचा स्फटिक आहे आणि दुसऱ्या तोंडाला किंग यांचा.

प्रकल्पाच्या अहवालात मी शेवटी ४ हर्ट्झ लिहिलं. चाळीस वजा छत्तीस. त्यातलेही किती खरोखर अमोनियाचे आणि किती मोजण्यातल्या चुकीचे, यावर दोन पानं. गुण बरे पडले.

मामाचा फोन आला होता. "झालं का रे यंत्र?"

"अजून नाही मामा. वास आला की पळा."

"ते तर करतोच," मामा म्हणाला, आणि बेदाण्याचा भाव सांगायला लागला.